भाऊजींची न दिसणारी शिवण

त्याला सगळी गल्ली भाऊजी म्हणायची. खरं तर तो एकाच बाईचा भाऊजी, बायकोच्या धाकट्या बहिणीचा. पण ती कारखान्यात दिवसभर "भाऊजी, ते चामडं सरकवा", "भाऊजी, पाय काढा मधून" असं इतक्या वेळा म्हणायची की समोरचा शिंपीही तेच म्हणायला लागला, मग गिऱ्हाइकं, मग पोस्टमन. त्याला वाटायचं हा मान आहे. त्याला कशातही मान दिसायचा. समोर कोणी जांभई दिली तरी त्याला वाटायचं, माणूस आपलं काम बघून थक्क झालाय.

काम म्हणजे बुटांचं. रोज घालायचे रांगडे बूट नाहीत हां, ते त्याच्या मते हमालांनी बनवावेत आणि हमालांनीच घालावेत. इथे बनायचे ते काळे, गुळगुळीत, आरशासारखे बूट. लग्नाला, मैफिलीला, कोर्टात, मयताला, म्हणजे ज्या दिवशी माणसाला आहे त्यापेक्षा बरं दिसायचं असतं त्या दिवसाचे. आणि त्यांची ख्याती एकच की शिवण दिसत नाही. वरचं चामडं एकाच तुकड्याचं, फक्त टाचेमागे जोडलेलं, तेही आतून. आणि तळ तर असा की उलटा करून बघा, एक टाका दिसला तर शपथ.

कारखाना सासऱ्याचा होता. खाली लांबट खोली, रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीपाशी एक बुटकी बैठक, आणि मागच्या जिन्याने वर घर. म्हातारा तरुणपणी त्या बैठकीवर बसून शिवायचा आणि येणारे-जाणारे काचेला नाक लावून बघायचे. त्याला दोन मुली. थोरलीचं लग्न झालं आणि जावई घरीच राहायला आला, कारण त्याचं स्वतःचं असं कुठे काही नव्हतं. अर्थात तो सांगताना सांगायचा की "सासऱ्यांनी हात जोडले म्हणून आलो." म्हाताऱ्याने आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते. पण शिंप्याला हे सांगायला काय जातंय? शिंपी बिचारा कॉलर उलटवत मान हलवायचा. त्याची मान कामामुळे तशीही हलायचीच.

आता तळ कसा शिवतात ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. जाड चामड्याच्या तळाला कडेकडेने रापीने, म्हणजे चामडं कापायच्या त्या बिनमुठीच्या सुरीने, एक तिरकी चीर द्यायची. तिचा पातळ पापुद्रा वर उचलायचा, दार उघडावं तसा. त्याच्या खाली खाच. त्या खाचेत आरीने भोक पाडत, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओढत, टाका टाका करत सगळ्या बुटाला फेरी मारायची. हात सोलून निघतात, खांदे भरून येतात. आणि हे सगळं झालं की तो पापुद्रा पुन्हा खाली बसवायचा, चिकटवायचा, हाडाच्या पट्टीने घासघासून असा सपाट करायचा की केलेली सगळी मेहनत गायब. दिवसभर राबायचं आणि शेवटी स्वतःच त्यावर झाकण घालायचं.

भाऊजीला इथेच सुचलं. आळशी माणसाला एकदाच सुचतं, पण आयुष्यभर पुरतं.

सुरुवातीला तो शिवायचा, नाही असं नाही. वाकडंतिकडं, कुरकुरत, पण शिवायचा. मग एका जोडाला टोकापाशी दोरा संपला. उठून दुसरा मेणवायचा कंटाळा आला. त्याने पापुद्रा तसाच खाली घेतला, सोल्यूशन लावलं, घासलं, आणि बूट गेला. कोणाला काही कळलं नाही. पुढच्या जोडाला त्याने टोक मुद्दामच सोडलं. मग एक बाजू. मग दोन्ही बाजू सोडून नुसती टाच शिवायला लागला. आणि एक दिवस त्याने स्वतःला विचारलं की अरे, टाच तरी कशाला? तेव्हापासून तो तळ नुसते चिकटवायचा. चीर द्यायचा, पापुद्रा उचलायचा, आत काहीच न करता पुन्हा मिटायचा. म्हणजे रिकामं पाकीट बंद करून वर शिक्का मारायचा.

लाज वाटली का? छे. उलट त्याचा रुबाब वाढला. कारण आता त्याच्याकडे वेळ होता. खिडकीत बसून तो गिऱ्हाइकांशी बोलायचा, आणि बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. खास दाखवायला म्हणून एक बूट होता त्याच्याकडे, अर्धा शिवलेला. काचेबाहेर कोणी थांबलं की तो बूट मांडीवर यायचा, दोन्ही हात पंखासारखे पसरायचे, दोरा सर्रकन ओढला जायचा, कपाळावर आठी. माणूस पुढे गेला की बूट खाली. संध्याकाळी तेवढे टाके उसवायचे, उद्यासाठी. वर्षानुवर्षं तो एकच बूट शिवत होता हा माणूस, आणि तोही पुरा होत नव्हता.

बूट परत यायचे, यायचेच. पावसापाण्यात तळ उघडायचा, जबडा वासावा तसा. गिऱ्हाईक ओशाळून काउंटरवर ठेवायचं. भाऊजी तो बूट दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा धरायचा आणि विचारायचा, "पाण्यात गेला होतात?"

"जरा पाऊस होता हो."

"पाऊस होता. आणि तुम्ही हे घालून बाहेर पडलात."

"म्हणजे... समारंभ होता."

"बूट आहे हा. होडी नाही."

आणि माणूस चक्क माफी मागायचा. चांगला शिकलासवरलेला, गाडीतून आलेला माणूस, स्वतःची चूक कबूल करून जायचा. भाऊजी मग शिंप्याकडे बघून मान हलवायचा, की बघ बाबा, कसल्या लोकांसाठी बनवतो आपण. त्याला त्या लोकांचा मनापासून तिटकारा होता. ज्यांना फसवायचं त्यांच्याबद्दल आदर ठेवला तर झोप कशी लागणार?

धाकटीला मात्र तो फसवू शकला नाही. ती मागच्या भिंतीशी बसून वरची चामडी शिवायची आणि अलीकडे तळही शिवायला लागली होती. लग्न केलं नव्हतं, करायचं नव्हतं, आणि कोणी का म्हणून विचारलं तर म्हणायची, "ताईचं बघितलंय ना." जीभ म्हणजे आरीच. सगळ्या कारखान्याचा दोरा तीच मेणवायची, म्हणून तिला ठाऊक होतं की खिडकीपाशी दिलेला दोऱ्याचा गोळा काही केल्या लहान होत नाही.

"भाऊजी, दोरा देऊ का नवीन?"

"आहे अजून."

"आहेच? काटकसरी आहात हो फार."

"हात बसला की कमी लागतो. तुला नाही कळायचं."

"नाही बाई. मला आपलं भोक पाडलं की दोरा घालावाच लागतो."

त्याला टोमणा कळायचा, पण तो हसायचा. त्याचं एक ठाम मत होतं, आणि ते मत त्याला वर्षानुवर्षं गुबगुबीत उशीसारखं पुरलं होतं. जगात कोणीच शिवत नाही. सगळे चिकटवतात. पूर्वीचेही चिकटवायचे, म्हाताराही तरुणपणी चिकटवत असणार, धाकटी तर नक्कीच, फक्त ती दोरा कुठेतरी फेकून देत असेल, नाटकी कुठली. जे दिसत नाही ते कोण कशाला करेल? एवढा साधा हिशेब. बायको प्रेमळ बोलली तरी त्याला वाटायचं हिला काहीतरी हवंय, आणि देवळात कोणी डोळे मिटले तरी त्याला वाटायचं हा पेंगतोय.

म्हाताऱ्याचे गुडघे गेले तसा तो खाली यायचा बंद झाला. वरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून राहायचा, डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं. आणि एक दिवस त्याने सगळ्यांना वर बोलावून सांगितलं की आता खिडकीची बैठक तो कोणाच्या तरी हाती देणार. नुसती बसायची जागा नव्हे ती. बैठक ज्याची, कारखाना त्याचा, पाटी त्याची, वरचं घरही त्याच्याच शब्दावर चालणार.

"माझ्या बापाने माझ्याकडून जोड करून घेतला होता," म्हातारा म्हणाला. "त्याच्या पायाचा. घालून फिरला, पसंत पडला, मग उठला बैठकीवरून. तेच होईल. दोघं करा. माझ्या पायाचा लाकडी फर्मा खाली आहेच."

"दोघं?" भाऊजीने विचारलं. "दुसरं कोण?"

"मी," धाकटी म्हणाली. "दिसत नाही का? की हात बसला की दिसायलाही कमी लागतं?"

भाऊजी खाली आला तो तरातरा. त्याने बायकोला जिन्यातच गाठलं. "अगं, तुझा बाप मला जोखणार? मी बसतो ना बैठकीवर? इतकी वर्षं?"

"बसता ना," बायको म्हणाली. थोरली फार बोलायची नाही. तिचं आयुष्य असं गेलं होतं की काउंटरवर तो नसला की परत आलेले बूट तिनेच घ्यायचे, आणि तिलाही त्याने तेच वाक्य शिकवून ठेवलं होतं, पाण्यात गेला होतात का. ती म्हणायची, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता.

"मग?"

"मग करा ना जोड. शिवा एक. तुम्हाला येतंच की."

तो 'शिवा' ती कशी म्हणाली याकडे त्याने लक्ष दिलं नाही. बायकोच्या बोलण्याकडे लक्ष द्यायची त्याला सवयच नव्हती.

तर, त्याने खरंच ठरवलं होतं की हा एक जोड शिवायचा. सासऱ्याचा पाय, उगाच भानगड नको. त्याने चीर दिली, पापुद्रा उचलला, आरी घेतली. पहिलं भोक खाचेच्या बाहेर गेलं. दुसरं इतकं काठाशी की दोरा ओढताच चामडं फाटलं. तिसऱ्याला आरी अंगठ्यात. तो अंगठा तोंडात घालून बसला आणि त्याला आरीचा राग आला, मग चामड्याचा, मग ज्याने हे कातडं काढलं त्या कसायाचा. स्वतःचा सोडून सगळ्यांचा आला. हात विसरले होते. रोज उसवायचा तोच दिखाऊ टाका त्याला येत होता, जुन्या तयार भोकांतून. नवं भोक पाडायचं म्हटलं की आरी भलतीकडेच जायची.

त्याने आजूबाजूला बघितलं. धाकटी पाठमोरी. त्याने फाटलेला तळ पेटीखाली सरकवला, नवा घेतला, चीर, पापुद्रा, सोल्यूशन, घास घास घास. झालं. म्हातारा स्वतःचे नवे बूट थोडेच फाडून बघणार आहे?

जोड दिसायला झकास झाला होता, खोटं कशाला बोला. त्याला चकाकी आणता यायची. जिथे दिसतं तिथे तो मन लावून काम करायचा. फक्त तळाला, अगदी वाकून बघितलं तर, पापुद्र्याच्या कडेची केसाएवढी रेघ दिसत होती. असायचीच. त्याच्या प्रत्येक बुटाला असायची. कोण बघतंय?

मग द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी जेवायला वर गेली आणि तिचा जोड फडक्याखाली राहिला. भाऊजीने फडकं उचललं. त्याला नुसतं बघून नाक मुरडायचं होतं, एवढंच. त्याने बूट उलटा केला आणि त्याचं नाक मुरडायचं राहून गेलं.

रेघ नव्हती.

त्याने तो खिडकीशी नेला. तिरका धरला, सरळ धरला, नख फिरवलं. चामडं अखंड. चीर कुठे दिली होती तेच कळत नव्हतं. जणू तळ असाच उगवला होता, फळासारखा. म्हातारा अंगठा फिरवून बघणार, त्याच्या अंगठ्याला अजून सगळं दिसतं. ह्या तळावरून अंगठा फिरला की माझी रेघ त्याला नांगरल्यासारखी लागणार. गेली बैठक. आणि बैठक गेली की आपण कोण? घरजावई. सकाळी दूध आणायला जाणारा माणूस.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला, मेव्हणीचा बूट हातात धरून. आणि मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. अरे, येडा का मी? शिवलं असतं तर फुगवटा नको का? दोरा आत आहे तर वर कुठेतरी, कणभर तरी, उंचवटा नको? दोऱ्याला जाडी असते ना? सफाचट, साफ, सपाट! असं फक्त एकाच प्रकारे होतं, आणि तो प्रकार भाऊजीएवढा कोणाला माहीत होता? हिने चिकटवलंय. आत काही नाही. म्हणून तर उंचवटा नाही. रेघ तेवढी घासून घालवली असणार.

त्याला इतका आनंद झाला की त्याने बूट पुसून परत जागेवर ठेवला, फडकं नीट केलं आणि शिंप्याकडे जाऊन उगाचच शर्टाचं माप देऊन आला.

बायकोला त्याने आरशापुढे भांग पाडताना सांगितलं. "उद्या तुझ्या बहिणीचं बिंग फोडतो."

"कसलं बिंग?"

"चिकटवलाय तिने जोड. बापाला फसवतेय. रापीने पापुद्रा उचलून दाखवतो सगळ्यांसमोर."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती ती थांबली. "अहो, नका. तो विषयच काढू नका तुम्ही."

"का? बहीण म्हणून?"

"शिवण-चिकटवणं ह्यातलं काही बोलू नका. जोड ठेवा आणि गप्प बसा. ऐका माझं एकदा."

"तुला पुळका येणारच," तो म्हणाला. बायको त्याच्याकडे बघत राहिली. असं ती परत आलेल्या बुटांकडे बघायची, की आता ह्याचं काय करायचं. पण तो भांगात गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीत चौघं जमली. म्हातारा आरामखुर्चीत, पायात मोजे घालून तयार, पोरासारखा उत्सुक. खाली दोन जोड मांडलेले. भाऊजीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. धाकटी कामाच्याच कपड्यांत, हाताला मेण.

म्हाताऱ्याने आधी भाऊजीचा जोड उचलला. वरून हात फिरवला, "चकाकी चांगली," म्हणाला. तळावरून अंगठा गेला, एका जागी थांबला, पुढे गेला. मग धाकटीचा उचलला. अंगठा फिरला, परत फिरला, तिसऱ्यांदा फिरला, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर असं काही आलं की भाऊजीला आता बोललंच पाहिजे असं वाटलं.

"बाबा, एक बोलू का? वाईट वाटेल, पण घरातली गोष्ट आहे, मी नाही बोलायचं तर कोणी?"

"बोला जावईबापू."

"ह्यात शिवण नाहीये."

धाकटीने मान वर केली. तिला आधी राग आला नाही, ती नुसती बघत राहिली, आपण बरोबर ऐकलं ना म्हणून.

"कशात नाहीये?" तिने विचारलं.

"तुझ्या बुटात. चिकटवलास तू. कबूल करून टाक, मी बाबांना समजावतो. लहान आहेस."

"भाऊजी," धाकटी अगदी हळू म्हणाली, "तुम्ही मला हे म्हणताय. तुम्ही."

"का? मी नाही म्हणायचं तर? मी कामातला माणूस आहे. दोरा असला की उंचवटा येतो, हे पोरंसुद्धा सांगतील. ह्याला उंचवटा आहे? बाबा, तुमचा अंगठा काय सांगतो?"

"अंगठा सांगतो की सपाट आहे," म्हातारा म्हणाला.

"बघा."

"मी खाच खोल घेते," धाकटी म्हणाली. "आणि ओला असताना टाका ठोकून बसवते. बाबांनीच शिकवलं. तुम्हालाही शिकवलं होतं."

"सगळे असंच म्हणतात. उघडूनच बघू. दूध का दूध होऊन जाऊ दे."

बायको दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली. तो ऐकतोय कुठला? त्याने स्वतः खिशातून रापी काढली. घेऊनच आला होता, धार लावून. धाकटीचा बूट गुडघ्यावर घेतला. चीर सापडेना, तेव्हा त्याने अंदाजानेच पातं घुसवलं, चरचर करत टोकापासून मधल्या बाकापर्यंत. एका बाईचं मन लावून केलेलं काम फाडताना त्याला काय वाटत होतं? मजा वाटत होती. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग त्याने पापुद्रा अंगठ्याने मागे वाकवला, आणि न बघताच बूट म्हाताऱ्यापुढे धरला. "हे घ्या. बघा तुमच्या लाडकीचं."

म्हाताऱ्याने बघितलं नाही, त्याला दिसतच नव्हतं तेवढं. त्याने बोट घातलं. बोट सावकाश पुढे गेलं, मागे आलं. जपमाळ ओढावी तसं.

"वा," म्हातारा म्हणाला. "काय ओळ आहे."

तेव्हा भाऊजीने बघितलं. खाचेच्या तळाशी टाके होते. बारीक, तिरके, घट्ट, एकाला लागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. टोकापासून जिथवर फाडलं होतं तिथवर. त्याला पहिल्यांदा काही अर्थच लागेना. तो टाक्यांकडे असा बघत होता, जणू भिंत खरवडली आणि आत माणूस बसलेला सापडला. हे कोणी केलं? कशाला केलं? कोणाला दिसणार होतं?

"आता तुमचा द्या," म्हातारा म्हणाला.

"माझा?"

"रापी आहेच हातात."

"बाबा, चांगला बूट कशाला नासवायचा?"

हे तो म्हणाला आणि त्याला स्वतःलाच ऐकू आलं, कारण मांडीवर धाकटीचा फाडलेला बूट तसाच होता. धाकटी हसली, फार नाही, नाकातून. "खरंय. चांगला बूट नासवू नये," ती म्हणाली. "राहू द्या बाबा. त्यांचा नका उघडू. मला नाही बघायचं ते."

भाऊजीला वाटलं सुटलो. त्याने लगेच छाती पुढे काढली. "बघा, तिलाही पटतंय. अहो, मी काय आज शिवतोय? गल्लीला विचारा."

आणि तेव्हा दारातून त्याची बायको आत आली. तिने त्याच्या जोडातला एक बूट उचलला. रापी मागितली नाही. तळाच्या त्या केसाएवढ्या रेघेत तिने नख खुपसलं, सहज, वर्षानुवर्षं काउंटरवर कुठून सुटतं ते बघितलेल्या हाताने, आणि ओढलं. सगळा पापुद्रा टोकापासून टाचेपर्यंत एका दमात निघून आला, फळावरचा कागद निघावा तसा. खाली कोरी खाच. सोल्यूशनचा वास आला.

"आत काही नाही बाबा," ती म्हणाली. "कधीच नसतं."

म्हाताऱ्याने हात पुढे केला, तिने बूट दिला. त्याने खाचेत बोट घातलं आणि लगेच काढून घेतलं, चुकून घाणीत गेल्यासारखं. "केव्हापासून?" त्याने विचारलं, थोरलीला, जावयाला नाही. जावयाशी बोलणं संपलं होतं.

"लग्नानंतर थोडे दिवस शिवत होते," बायको म्हणाली.

"मग तू बोलली नाहीस."

"लोक मला सॉरी म्हणून जायचे बाबा. मी ऐकून घ्यायचे." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"अगं, तू काय..." भाऊजी उभा राहिला. "ऐका तरी. पूर्वी सगळ्यांचं तसंच... धंद्यात... मी काय एकटा आहे?" त्याने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. कोणीतरी, निदान बायको तरी, मान हलवेल असं त्याला खरंच वाटत होतं. इतकी वर्षं मान हलवणारेच बघितले होते ना त्याने.

म्हाताऱ्याने धाकटीचा फाडलेला बूट मागून घेतला, पापुद्रा बोटाने खाली दाबला, आणि तोच पायात चढवला. दुसराही चढवला. खुर्चीचा हात धरून उठला, खोलीत खिडकीपर्यंत गेला, परत आला. गुडघे कुरकुरले, बूट नाही.

"बैठक पुस," तो धाकटीला म्हणाला. "आणि बाहेर गेलेले जेवढे सापडतील तेवढे मागवून घे. शिवून दे. आपल्या पाटीचे आहेत."

"हो," धाकटी म्हणाली. मग भाऊजीकडे वळली. तो अजून रापी हातात घेऊन उभा होता. "भाऊजी, ती माझी रापी आहे," ती म्हणाली. "द्या इकडे."

त्याने दिली.

आता कोणालाही वाटेल की असा माणूस तोंड लपवून फिरत असेल. लाज लागते त्याला, आणि ती ह्याच्याकडे शिवणीएवढीच होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो नेहमीसारखा शिंप्याच्या दुकानात बसलेला होता, पाय पसरून. समोर कारखान्याच्या खिडकीत धाकटी वाकून शिवत होती, आणि काचेबाहेर कोणी थांबलं तरी वर बघत नव्हती. शेजारी टेबल टाकून थोरली बसली होती. ती परत आलेल्या बुटांचे तळ सुटे करून बहिणीच्या हाताशी देत होती, आणि मध्येच दोघी कशावर तरी हसत होत्या.

"दिली बैठक धाकटीला," भाऊजी म्हणाला. "म्हटलं, घे बाई, तुझी हौस होऊ दे. आपण किती दिवस अडवून बसायचं?"

"मोठं मन तुमचं," शिंपी म्हणाला. तो काजं करत होता. "ते वर काहीतरी रापी-बिपी चाललं होतं म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"खिडकी उघडी होती."

"ते होय. मुलीला जरा शिकवत होतो. आत कसं असतं ते उघडून दाखवलं."

"असं." शिंप्याने दाताने दोरा तोडला. मग टेबलाखाली वाकून त्याने एक काळा जोड बाहेर काढला, जुना, टोकाला तळ सुटून लोंबत होता. "हा तुमच्याच हातचा. भाचीच्या लग्नात घातला होता, तिथेच उघडला. तुम्ही चिडाल म्हणून आणलाच नव्हता इतके दिवस. आता मोकळे आहात, तर द्याल का शिवून?"

भाऊजीने जोडाकडे बघितलं, हात मात्र लावला नाही.

"धाकटीकडे दे," तो म्हणाला. "मी असली बारीकसारीक कामं आता करत नाही."